पेत्राच्या किल्ल्या आणि मल्लिकार्जुन सरांच्या नोट्स

रा. रा. साडूभाऊ अंतोनराव यांना लातूर डेपोच्या याकोब कंडक्टरचा प्रभूच्या नावाने सलाम (थेट प्रभूच्या नावाने, मध्ये कुणाचा वशिला न लावता). आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे तुमची मेहुणी माझ्याशी बोलत नाही आणि मी ताटात पडेल ते मुकाट खातो. तुमचा गुडघा कसा आहे? इतक्या पुतळ्यांपुढे टेकून टेकून वाटी झिजली तर त्यात नांदेडच्या डॉक्टरांचा काय दोष? सगुणाअक्कांना सलाम सांगा. त्या बिचाऱ्या मूळच्या आमच्या प्रोटेस्टंटांतल्याच, लग्नानंतर तुमच्या कॅथलिकांत गेल्या.

आमची पोरगी सुवार्ता तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचा निरोप शेजारच्या फोनवर मिळाला. तिच्या गाडीचा ड्रायव्हर महेबूब माझा दोस्त आहे, त्यानंच तिला अहमदपूरला भजे खाऊ घातले आणि तोच हे पत्र घेऊन येत आहे. (पोस्टमन पत्रं उघडून वाचतो आणि धर्मातलं त्याला काही कळत नाही.) पोरीनं तुम्हाला तिचीच बाजू सांगितली असणार, आणि बाप कसा तोंडघशी पडला ते ऐकून तुम्हाला लई गोड वाटलं असणार. म्हणून खरा प्रकार सविस्तर लिहायलोय.

आपला वाद तुमच्या लग्नाच्या मांडवापासूनचा. तुमचं म्हणणं, बायबल वाचा, पण अर्थ रोमहून येईल. अहो, आमच्या एस.टी.च्या मोठ्या साहेबांना औरंगाबादेत बसून लातूरचं वेळापत्रक कळत नाही, पुलावरून पाणी चाललं तरी गाडी टायमावर सोडा म्हणतात, आणि तुमचे पोप रोममध्ये बसून माझ्या आत्म्याचा रूट ठरवणार! वर म्हणे ते चुकूच शकत नाहीत. (येता-जाता नव्हे, गादीवरून धर्माचं सांगतात तेव्हाच, असा खुलासा तुम्ही दर वेळी करता. म्हणजे ड्युटीवर असताना.) एवढा दावा माझी बायकोसुद्धा करत नाही, आणि तिच्याकडे तर पुरावे आहेत. आम्ही बायबलच्या सहासष्ट पुस्तकांत भागवतो, तुम्हाला वर आणखी सात लागतात. ज्याला क्रमिक पुस्तक झेपत नाही तो गाईड विकत घेतो, दुसरं काय? भूकंपानंतर आम्ही उघड्यावर झोपत होतो तेव्हा तुमच्या फादरांच्या ट्रकमधून ब्लँकेटं घेऊन तुम्ही सगळ्यांच्या आधी आलात, हे मी नाकारत नाही. आमच्या चर्चमंडळीच्या कमिटीचा ठराव होईपर्यंत संक्रांत आली होती. पण ब्लँकेट ऊबदार निघालं म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही, हे मी तुम्हाला तेव्हाच, तेच ब्लँकेट पांघरून सांगितलं होतं.

म्हणूनच सुवार्तेला ती बोलायला लागल्यापासून मी एकच शिकवलं. पाळकसाहेब म्हणाले म्हणून मानू नको, बाप म्हणाला म्हणून मानू नको, पुस्तक उघड आणि स्वतः बघ. पोपाशी भांडलेल्या त्या जर्मन साधूची गोष्ट तर तिला तोंडपाठ, बादशहापुढे उभा राहून पुस्तकातून दाखवा मग माघार घेतो म्हणणाऱ्याची. आमच्या घरात झोपताना हीच गोष्ट असायची. पोरगी ऐकून डोळे मोठे करायची आणि माझी छाती फुगायची. हे फार महागात पडणार हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी तिला ससा-कासव सांगितलं असतं.

आता लातूरचं काय झालंय ते तुम्हाला नांदेडात बसून कळायचं नाही. भूकंपात ज्या गल्लीत भिंतींना भेगा पडल्या त्याच गल्लीत आता प्रत्येक भिंतीवर क्लासची पाटी आहे. जूनमध्ये देगलूर, कंधार, धर्माबादेहून पोरं गाद्या-पेट्या घेऊन उतरतात, माझ्या गाडीच्या टपावर जागा राहत नाही. त्यात सगळ्यांत मोठे मल्लिकार्जुन सर. त्यांच्या ए बॅचमध्ये बसलेलं पोरगं मेडिकलला लागतंच, असं सगळा जिल्हा म्हणतो. डी बॅचला सर स्वतः शिकवत नाहीत, त्यांचे मेहुणे शिकवतात, ते मूळचे बियाण्याच्या दुकानातले. आपल्या दोन्ही घरांत मिळून आजवर नर्सा झाल्या, डॉक्टर एकही नाही. सुवार्ता ए बॅचमध्ये लागली तेव्हा तुमची मेहुणी रडली होती, आणि मी डेपोत पेढे वाटले होते.

तर चाचणीत प्रश्न आला, फुप्फुसातून शुद्ध झालेलं रक्त हृदयाच्या कोणत्या कप्प्यात येतं. सरांच्या नोट्समध्ये उजव्या. (टाईप करणाऱ्याची चूक असावी, पण सरांच्या नोट्समध्ये चूक नसते.) अख्ख्या ए बॅचनं उजवा लिहिलं. आमच्या बाईसाहेबांनी डावा लिहिलं. सरांनी गुण कापले, तर ही बोर्डाचं पुस्तक उघडून भर वर्गात उभी राहिली. सर म्हणाले खोड. ही म्हणाली, पुस्तकात दाखवा, मग खोडते. सरांनी तिथल्या तिथं निकाल दिला, सोमवारी सगळ्यांपुढे माफी मागायची आणि उत्तर दुरुस्त करायचं, नाहीतर डी बॅच.

मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक काखेत मारून गेलो. खाकी ड्रेसवर गेलो, म्हणजे वजन पडेल. तिथं पालकांची रांग, दारात चपलांचा ढीग, आत सर उंच खुर्चीवर आणि पालक एकेक करून पाया पडताहेत. बिशपांच्या अंगठीचं चुंबन घेता म्हणून मी तुम्हाला किती हसलो होतो! मी पाया पडलो नाही, हे लिहून ठेवा. फक्त वाकलो. (चप्पल काढताना माणसाला वाकावंच लागतं, आणि मग सरळ व्हायला वेळ मिळाला नाही.) पोरीनं खूण करून दिलेलं पान मी काढलं. सरांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, पुस्तक कुणीही वाचतं हो, अर्थ सांगणारा एकच पाहिजे, नाहीतर जो तो आपापला अर्थ काढत बसेल.

अंतोनराव, हे वाक्य तुमचं आहे! दर नाताळात माझ्याच घरचा केक खात, बोट नाचवत तुम्ही हेच म्हणता, शब्दसुद्धा तेच. आणि दर वेळी मी तुम्हाला जे सणसणीत उत्तर देतो ते माझ्या जिभेवर आलं होतं. सर तेवढ्यात ए बॅचची यादी पुढं ओढून पेनाचं टोपण काढायला लागले. मी म्हणालो, बरोबर आहे सर. वर आणखी म्हणालो, पोरीला समज देतो.

घरी येऊन समज दिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, मग नांदेडचे काका काय चुकीचं म्हणतात? यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही, पण आवाज मोठा होता, कारण शेजारचे सिद्रामप्पा बाहेर आले. सकाळी बाईसाहेब तुमच्या नांदेडच्या गाडीला बसल्या, बोर्डाचं पुस्तक टेबलावर माझ्यापुढं टाकून. तेव्हापासून तुमची मेहुणी माझ्याशी अबोला धरून आहे. तुम्ही मिशीत हसू नका. यात तुमचा विजय बिलकुल नाही. सर म्हणजे काही पोप नव्हेत, ते बी.एस्सी. आहेत.

कळावे, लोभ असावा, मतं बदलावीत.

तुमचा साडू,
याकोब

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. सोमवारच्या आत सुवार्तेला तुम्ही समजवा. मी काही म्हटलं की ती माझंच बोलणं माझ्या तोंडावर मारते. तुमच्या लोकांना या कामाची शेकडो वर्षांची सवय आहे. येशूकडून पेत्राला स्वर्गाच्या किल्ल्या कशा मिळाल्या, मग त्या एका पोपाकडून दुसऱ्याकडे कशा गेल्या, वरच्याचं का ऐकावं, ते तुमचं सगळं पुराण तिला नीट, पटेल असं सांगा. फक्त बारावीपुरतं. परीक्षा झाली की मी स्वतः नांदेडला येऊन ते खोडून काढीन.

ता. क. दुसरा. ती पुस्तक इथं ठेवून गेल्यामुळं मी ते पहिल्यांदाच स्वतः वाचलं. कप्पा डावाच आहे. हे तिला कळू देऊ नका. बापालाही पटलंय हे कळलं तर ती माफी मागणार नाही, आणि मग सोमवारी सरांपुढं मला तिच्या शेजारी उभं राहावं लागेल.