तान आणि घमेलं

मंगळवार, संध्याकाळ

आज मी अशी तान घेतली की अख्खी रांग गाळानं भरलेली घमेली धरून उभी राह्यली! गावचं तळं बुजत चाललंय, म्हणून आम्ही सगळे मिळून गाळ काढतो. गातगात, धृपदाच्या ठेक्यावर घमेलं पुढं देतो. मंग धृपद आल्याशिवाय घमेलं हलणार कसं? शेजारची अमिना ओरडली, "काकू, जल्दी समेवर या, हात तुटून राह्यले!" सगळे हसले. मला रागच आला. भजनात याच तानेला माना डोलतात की न्हाई? पण पावसाच्या आत गाळ निघायला पाहिजे, हे बी खरंच. उद्यापासून अमिनाच पुढं गाईल, ती ठेका पळवते. तान मी शेवटच्या घमेल्याला घेणारच. तेव्हा घमेलं माझ्याच हातात असंल.