अधिकचं चिन्ह

१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. आम्ही ठीक.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "यंत्राची चूक आहे, तू कशाला मध्ये पडतेस?" असं लिहिलंस. संताप आला, म्हणून लगेच उत्तर.

आमच्या रक्तपेढीत फोनवर बसणाऱ्या मावशी चौदा वर्षं तिथे होत्या. तीन आठवड्यांपूर्वी एका बाळंतिणीला बी पॉझिटिव्ह रक्त तातडीने हवं होतं. मावशींनी नव्या वेबसाइटवर तीनदा शोधलं. एकही दाता नाही. तसं त्यांनी कळवलं. बाळंतिणीला दुसरीकडे हलवावं लागलं. वाचली, पण थोडक्यात. आमच्या यादीत त्या गटाचे दोनशे अकरा दाते आहेत.

साहेबांनी मावशींना सगळ्यांसमोर सुनावलं, कॉम्प्युटर झेपत नसेल तर घरी बसा. आणि खरंच बसवलं.

यादी रिकामी येण्याचं कारण मला त्याच दुपारी सापडलं. शोधायचा गट वेबसाइटच्या पत्त्याला जोडून जातो, पण पत्त्यात अधिकचं चिन्ह तसंच जात नाही, सांकेतिक रूपात पाठवावं लागतं. आमचा सर्व्हर पत्ता बदलून पुढे देतो, तेव्हा तो संकेत आधीच उलगडत होता. पुढचा प्रोग्राम उघड्या अधिक चिन्हाला मोकळी जागा समजतो. म्हणजे मावशी 'बी+' शोधत होत्या आणि यंत्र नुसतं 'बी'. तसा गट कोणाचाच नसतो.

पत्ता बदलायचा नियम कोणी लिहिला, हे तू विचारलं नाहीस आणि मीही फोनवर टाळलं. मी लिहिला. तपासताना माझाच गट टाकला, ओ निगेटिव्ह. उणे चिन्हाला काही होत नाही. नावं भराभर आली आणि मी खुशीत घरी गेले. मावशी बोलणी खात होत्या तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. नंतर गुपचूप नियम दुरुस्त केला आणि तीन आठवडे तोंड मिटून बसले.

काल साहेबांना हे सगळं लेखी दिलं. म्हणाले, "दुरुस्त झालंय ना? मग कागद कशाला?"

"मावशींसाठी," मी म्हटलं.

तिथून मावशींच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच बोट चुकलं. तेव्हापासून मी फोन उचलत नाही, घरातलासुद्धा."

साहेबांनी कागद खणात टाकलाय. उद्या दुसरी प्रत मी स्वतः साहेबांच्या वरिष्ठांना नेऊन देणार. नोकरी जाईल कदाचित. मला गप्प बसायला पुन्हा सांगू नकोस. ते मला फार चांगलं जमतं.

जिच्या चुकीची शिक्षा दुसरीने भोगली,
ती तुझी धाकटी बहीण