पहिली बुडी

प्रिय बापा,

घरी सगळे खुशाल आहेत. आई अजूनही तुझ्या वाट्याची सागोची पेज घोटते आणि मग "उगाच जास्त झाली" म्हणत मला वाढते. मी जाडी झाले तर दोष तुझा. सोरोंगच्या बंदरात गोणी उचलून तुझी पाठ धरते, असं काका सांगत होता. तू स्वतः थोडंच सांगणार आहेस!

प्रार्थना करून आमच्या बायकांच्या मंडळाने खाडीला 'सासी' लावली, समुद्रकाकडी आणि शेवंड काढणं बंद केलं, त्या दिवशी तू चर्चमध्ये सगळ्यांदेखत म्हणालास, "पोरीला शिकवलं ते माझंच पाणी माझ्यावर बंद करायला का?" आणि उठून गेलास, तो थेट सोरोंगला. गळाने मासे धरायला मोकळीक होती, पण "मासा येईपर्यंत बसून राहणं हे म्हाताऱ्यांचं काम" असं तू नेहमी म्हणतोस. पाणबुड्याला गळ देणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

सागरी उद्यानाच्या सरकारी साहेबांना तर खाडी कायमची बंद हवी होती. मंडळातल्या बत्शेबा मावशीने सुपारीची लाल पिंक टाकून विचारलं, "कायमची? मग आमची पोरं काय खातील, तुमचे नकाशे?" शेवटी ठरलं, पहाऱ्याची बोट त्यांची, डोळे आमचे, कधी बंद आणि कधी उघडी, ते बायका ठरवणार. मध्यंतरी बाहेरची एक होडी चोरून शिरली. बायकांनी तिला घेरून अशा शिव्या घातल्या की शिपाई पोचायच्या आत ती पसार! आईला एवढ्या शिव्या येतात हे मला ठाऊकच नव्हतं. तुला होतं का?

आणि आता बघ. परवा ओहोटीला मंडळाने मला बघायला पाठवलं, तेव्हा मी खाली उतरले. कोपरापर्यंत लांब समुद्रकाकड्या, वाळू खात निवांत पसरलेल्या. तू मला लहानपणी दाखवलेल्या कपारीतून शेवंडीच्या मिशाच मिशा बाहेर. पाण्यात हसू नये, नाकात जातं. मी हसले.

खाडी येत्या रविवारी उघडायची होती. पाद्रीबाबा तयार, व्यापारी येऊन बसलेला, घराघरात पैशांची गरज. पण सासी उघडताना पहिली बुडी ज्या कुळाचं पाणी त्यातल्या पुरुषाची, म्हणजे आपल्यात तुझी किंवा काकाची, आणि काकाला तर पोहता येत नाही. साहेब म्हणाला, "दुसरं कुणीही चालेल की." मावशी म्हणाली, "साहेब, तुमच्या लग्नात दुसरा नवरदेव चालला असता का?" मग बायकांनी हात वर करून ठरवलं, तू येईपर्यंत खाडी बंद. एकही हात खाली राहिला नाही, बापा. घरी येऊन आईने तुझा बुडीचा लाकडी चष्मा खोबरेल लावून पुसला आणि दाराशी टांगला. "तू शिकलेली, तूच लिही," असं मंडळाने मला बजावलंय, म्हणून हे पत्र. पण मंडळाने सांगितलं नसतं तरी लिहिलं असतं. गुरुवारची बोट धर. पेज तुझ्या वाट्याची आहेच.

तुझीच, वाट बघणारी,
सेल्फिना