काचेच्या पेटीतलं सरकार

२८ मार्च, दुपारी १.४०
आज एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पगाराची स्लिप पूर्ण वाचली. कारण पगार विभागाचा प्रिंटर बिघडलाय. उजवी बाजू कोरीच आली, म्हणजे हातात पडणारा आकडा गायब. नाइलाजाने उरलेलं वाचलं. मधोमध एक ओळ सापडली: आयकर, ४,३००.
दर महिन्याला. मला न विचारता.
पगारबाईंना जाब विचारला. (त्या पगार विभाग एकट्या सांभाळतात. खरं नाव सगळे विसरलेत.) त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या की ती ओळ एकोणीस वर्षं दर महिन्याला छापली जातेय. याला उत्तर म्हणत नाहीत.

२९ मार्च
कॅन्टीनमध्ये पाहणी केली. आमचा कारखाना वजनकाटे बनवतो. मी रवानगी विभागाचा प्रमुख. विभागात मी आणि एक पंखा, त्यामुळे पाहणीला वेळ मिळतो. अकरा जणांना विचारलं, तुम्ही टॅक्स किती भरता?
नऊ जण: आपण कुठे भरतो? ऑफिस बघतं ते.
एक जण: ते परत मिळतात ना?
स्टोअरकीपर (टोपणनाव मौनीबाबा) काहीच बोलला नाही. त्याने फक्त बशीतला चहा संपवला.
हे लोक मोजमापाच्या धंद्यात आहेत! ग्रॅमचा फरक पडला तर काटा परत पाठवतात. आणि खिशातून दर महिन्याला किती जातं याचा पत्ता नाही. समाज गाढ झोपलाय. त्याला उठवायचं माझ्यावर येऊन पडलंय.

१ एप्रिल, सकाळी ७.१०
घरासमोरचा रस्ता पुन्हा खणला. गेल्या वर्षी पाइप टाकायला खणला होता. यंदा तो पाइप कुठे टाकला हे शोधायला.
दात घासताना सिद्धांत सुचला. पैसा हातात येण्याआधीच कापला जातो, म्हणून दुखत नाही. दुखत नाही, म्हणून कोणी हिशेब विचारत नाही. विचारत नाही, म्हणून सरकार खणत सुटतं. हेच ४,३०० माझ्या हातात आले आणि मी ते माझ्या हाताने मोजून दिले, तर फावड्या-फावड्याचा जाब विचारीन.
सिद्धांत हिला ऐकवला. ही म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय.

३ एप्रिल
मार्ग सापडला, तोही सरकारी फॉर्मवरच. वर्षाच्या सुरुवातीला एक फॉर्म भरायचा असतो: यंदा विम्यात वगैरे किती पैसे गुंतवणार. आकडा मोठा लिहिला की टॅक्स कापत नाहीत. मी मोठा लिहिला. चांगला सणसणीत लिहिला.
हे खोटं नव्हे. फॉर्मवर 'गुंतवणार' असं छापलंय, आणि 'गुंतवणार' हा संकल्प असतो.
पगारबाईंनी बजावलं की फेब्रुवारीपर्यंत पावत्या आणा, नाहीतर वर्षभराचा टॅक्स मार्चच्या पगारातून एकदम कापावा लागेल. म्हटलं, कापायची वेळच येणार नाही. मी दर महिन्याला ४,३०० वेगळे ठेवणार आणि वर्षअखेर ५१,६०० रोख तुमच्या टेबलावर मोजून देणार, सगळ्यांसमोर, एकेक नोट. त्या म्हणाल्या, रोख घेत नाहीत. ते बघू पुढे.
मौनीबाबानेही तसाच फॉर्म भरला. न बोलता. माझा पहिला अनुयायी.

३० एप्रिल
हातात ५४,००० पूर्ण. पाकीट मिटेना.
सुताराकडून पेटी करून घेतली. समोर काच (पारदर्शक कारभार!), मागे दोन कुलुपं, वर पितळी पट्टी: 'सरकार'. दिवाणखान्यात कपाटावर ठेवली. खर्च १,८००. तो पेटीतूनच केला, कारण तो प्रशासकीय खर्च आहे. शिल्लक २,५००. सुरुवात दमदार.

१ मे
हिला नेहमीप्रमाणे घरखर्चाचे तीस हजार दिले. सगळेच्या सगळे घरात विरघळतात, एक नोट मागे उरत नाही. पैसा राखणं ही कला आहे, ती सगळ्यांना जमत नाही. सवड काढून हिला शिकवलं पाहिजे.

१९ मे
जनजागृती पत्रकं छापली. माणसं एकशे चाळीस, पत्रकं पाचशे, कारण पाचशेला दर स्वस्त पडतो. पैसे वाचले. छातीला लावायला बिल्लाही केला: 'जागृत करदाता'. खर्च पेटीतून, लोकशिक्षणाचं खातं.
गेटवरच्या पहारेकऱ्याला पत्रक दिलं. तो म्हणाला, माझा पगार टॅक्सएवढा नाहीच. समजावलं की बाबा रे, तू साबण घेतोस त्यातही टॅक्स आहे. तो म्हणाला, मग मी तर रोजच भरतो साहेब, पण मी कुठे पत्रक काढलं?
अज्ञान फार खोलवर आहे.

११ जून
कॅन्टीनवाला उरलेल्या पत्रकांवर बिस्किटं ठेवून देतोय. म्हणजे प्रत्येक जण वाचतोच.
हिने विचारलं, पेटीतल्या पैशातून नळ दुरुस्त करता येईल का. तत्त्वाचा प्रश्न आहे, 'हो' असं एकदम म्हणता येत नाही. लेखी अर्ज आणि तीन प्लंबरांचे दर मागितले. हिने गळत्या नळाखाली पातेलं सरकवलं. मग म्हणाली, बादली तरी मंजूर करा.

२ जुलै
नळाचा अर्ज आला. (मुलीने लिहिलाय, नववीच्या मानाने भाषा उद्धट आहे.) विचाराधीन ठेवला.

२० जुलै
दोन दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावरून परतलो. तळ्याकाठच्या त्या गावात सरकारने चौकात रंगीत कारंजं बांधलंय. जनतेच्या पैशाची उधळपट्टी प्रत्यक्ष पाहणं आवश्यक होतं. सोबत मेहुणा. तो रस्त्यांचा ठेकेदार, म्हणजे या विषयातला जाणकार. हॉटेल बऱ्यापैकी. तळ्याकडे बघणारी खोली थोडी महाग होती, पण कारंजं त्याच बाजूला. खर्च ७,४००, पेटीतून.
निष्कर्ष: कारंजं बंद होतं. लाजिरवाणी गोष्ट.

९ ऑगस्ट, सकाळी ६.३०
स्वयंपाकघरातला नळ आपोआप गळायचा थांबला. मी दोन महिने हेच सांगत होतो. प्रत्येक गोष्टीवर लगेच पैसा ओतायचा नसतो. अर्ज निकाली काढला, शेरा मारून फाइलला लावला.

४ सप्टेंबर
फोन हातातून पडला, काच फुटली. रस्त्यावरच्या खड्ड्यांचे फोटो काढायला चांगला कॅमेरा हवा, नाहीतर चळवळ आंधळी होईल. नवा फोन घेतला. ८,०००. तातडीची बाब म्हणून पेटीतून. पेटीत तशी चिठ्ठी टाकली. प्रत्येक खर्चाची चिठ्ठी टाकतो, कारभार चोख आहे. काचेतून बघितलं तर आता नोटांपेक्षा चिठ्ठ्या जास्त दिसतात. म्हणजे नोंदी किती बारकाईने ठेवल्यात बघा.
मुलीने विचारलं, पेटीचं ऑडिट कोण करतं? म्हटलं, मी. ती हसली. नागरिकशास्त्र कोण शिकवतं कोण जाणे.

१७ ऑक्टोबर
मेहुणा आला होता. अडचणीत आहे. सरकारने त्याची बिलं अडकवून ठेवलीयत, मजुरांचे पैसे थकलेत. म्हणाला, भाऊजी, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, व्याजासकट देतो. पेटीतून ६,००० काढले. म्हणजे खर्च नाही, गुंतवणूक! फॉर्मवर गुंतवणूकच तर लिहिली होती. एका दगडात दोन पक्षी.
हिला वाटलं होतं तेवढा आनंद झालेला दिसला नाही. सख्खा भाऊ असून. नुसतं म्हणाली, त्याला मी ओळखते.

२१ नोव्हेंबर
काचेतून पेटीचा तळ दिसायला लागल्याने येणारे-जाणारे नको ते विचारतात. काचेवर आतून निसर्गचित्र चिकटवलं. डोंगर, नदी, दोन हरणं. सुशोभीकरण. खोली एकदम प्रसन्न वाटते.

१२ डिसेंबर
मेहुण्याच्या पैशांची चौकशी केली. म्हणाला, सरकारकडे पैसाच नाहीये भाऊजी, बिल निघत नाही. डोकं फिरलं. पैसा नाही म्हणजे काय? जातो कुठे? लोक कर भरत नाहीत की काय!
यावर संपादकांना कडक पत्र लिहायला घेतलं. थंडी आहे, हात आखडतात. अर्धवट ठेवलं.
डिसेंबरचा हप्ता पेटीत टाकणं पुढे ढकललं. बुटांचे तळ गेले होते. जानेवारीत दुप्पट टाकणार.

३१ जानेवारी
दुप्पट शक्य झालं नाही. निम्मेही नाहीत. फेब्रुवारीत तिप्पट.
पगारबाईंची नोटीस फळ्यावर: पावत्या आणा. यादीत दोनच नावं, माझं आणि मौनीबाबाचं. चळवळीचं पहिलं लेखी यश.

१४ फेब्रुवारी
पगारबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, पावत्या नसतील तर अजून सांगा, निम्मा टॅक्स या महिन्यात कापते आणि निम्मा पुढच्या, घर तरी चालेल. दया दाखवताहेत! म्हटलं, मला सवलत नको, जे व्हायचं ते एकदम आणि उघड होऊ दे. त्या म्हणाल्या, एकदा घरी विचारून या.
घरी विचारायचं काय त्यात.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.५०
कुलुपं उघडली. दुसरी किल्ली अर्धा तास सापडली नाही, तो वेळ चांगला गेला.
आत ३४० आणि एकवीस चिठ्ठ्या. सगळ्यांवर माझी सही, अक्षर सुरेख. लोकशिक्षण, अभ्यासदौरा, तातडीची बाब, तातडीची बाब, तातडीची बाब.
पुन्हा मोजल्या. एकवीसच.
मेहुण्याला फोन केला. त्याने सांगितलं की बिल एप्रिलनंतर. म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात.
हिला अजून सांगितलेलं नाही. मार्ग निघेल. पगारबाई काही राक्षसीण नाहीत.

२ मार्च
सकाळीच पगारबाईंकडे गेलो. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की ते निम्मं-निम्मं अजून होईल का. फेब्रुवारीचा पगार परवाच झाला, त्या म्हणाल्या. मग स्टूल पुढे सरकवून म्हणाल्या, बसा. बसलो नाही.

३० मार्च, दुपारी १.१५
स्लिप आली. प्रिंटर आता व्यवस्थित चालतो. उजवीकडे ठसठशीत: २,४००.
महिन्याचे. चौघे खाणारे, आई धरून.
मौनीबाबाची स्लिपही तेवढीच रोडकी. त्याच्याजवळ जाऊन बसलो. जखमी झालेल्या दोघांनी एकमेकांना धीर द्यायचा असतो. त्याने खिशातून बँकेचं पुस्तक काढून दाखवलं. वर्षभर दर महिन्याला कापला न गेलेला पैसा बँकेत, वर व्याज. व्याजातून बायकोला शिवणयंत्र घेतलंय. मग तो बोलला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, तुमच्यामुळे झालं, पुढच्या वर्षी काय करायचंय ते आधी सांगा.
मला तोंड धुवावंसं वाटलं.

३० मार्च, संध्याकाळी ७.००
हिला स्लिप दाखवली. मुलगी आत अभ्यास करत होती, आई झोपली होती. वाटलं, आता सगळं ऐकावं लागणार. पेटी, दौरा, फोन, हिचा भाऊ. तयारी केली होती. हिने स्लिप दोनदा वाचली आणि आत गेली. शिवणाच्या डब्याखालून एक पासबुक आणलं.
नऊ वर्षं. दर महिन्याच्या एक तारखेला अडीच हजार. मी तीस दिले की आधी अडीच बाजूला, मग साडेसत्तावीसात घर. मुलीचा चष्मा त्यातून. आईच्या गुडघ्याचं औषध त्यातून. ९ ऑगस्टच्या आदल्या दिवशी हिने पेन्सिलने केलेली एक नोंद आहे: प्लंबर, ६५०.
नळ आपोआप थांबला नव्हता.
मी विचारलं, मला कधी कळलं कसं नाही. ही म्हणाली, "हातात आलेला पैसा आणि तुम्ही, दोघांचं कधी पटलं नाही. म्हणून मी शिल्लक तुमच्या हातात येण्याआधीच काढते. दुखत नाही ना?"
दुखलं नव्हतं. नऊ वर्षं जरासुद्धा नाही. आता दुखतंय.
एप्रिल निघेल, असं ही म्हणाली. मग भाजी चिरायला बसली. मी शेजारी बसून लसूण सोलला. सरकारने असा हिशेब दाखवला असता तर मी पत्रकं छापली नसती, असं म्हणावंसं वाटलं. लसणाचा दुसरा गड्डा घेतला.

३ एप्रिल
फॉर्म भरला. गुंतवणार: शून्य. पगारबाईंना विनंती केली की टॅक्स कापताना शंभर-दोनशे जास्तच कापा. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. पण दुसरं एक करता येतं: पगारातून तीस हजार परस्पर हिच्या खात्यात. त्याचा फॉर्म त्यांच्याकडे तयारच होता. हिची सही आधीच झालेली. मी खाली केली.
पेटी मुलीने मागून घेतली. हरणांसकट. तिच्यात वह्या ठेवते.

७ एप्रिल, दुपारी १.२०
रस्ता पुन्हा खणला. मेहुण्याला काम मिळालंय.
बिल्ला शर्टावरून काढायचा राहिला होता. कॅन्टीनमध्ये नवीन लागलेली टंकलेखिका समोर येऊन बसली, बिल्ला वाचला आणि विचारलं, काका, तुमचा टॅक्स महिन्याला किती कापतात हो?
म्हटलं, ऑफिस बघतं ते.