उजवा गुडघा

सोमवार, ३ तारीख. सकाळी

वहिनींच्या घरी पोचलो. दादाच्या चपला अजून दाराशीच आहेत. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी शांत माणूस आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून इतकी वर्षं काढली, कधी आवाज चढवला नाही. मुलं मला 'मुका' म्हणतात. प्रेमानेच म्हणत असावीत. तेव्हा जे करायचं ते शांतपणे करणार आहे. गिरणीच्या सिग्नलवर ज्या ड्रायव्हरने दादाला उडवलं, त्याचा उजवा गुडघा फोडायचा. ब्रेकवर वेळेत गेला नाही तो पाय. बाकी अंगाला धक्का लावणार नाही. अतिरेक मला आवडत नाही.

प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडची दांडी काढून आणली आहे. वर्तमानपत्रात गुंडाळली आहे.

पोलिसांचा कागद वहिनींकडे आहे, पण त्या देत नाहीत. नाव कळलं नाही. बस बावन्न नंबरची होती एवढं ठाऊक आहे. पुरे. एका दिवसाचं काम.

सोमवार, संध्याकाळी

मुख्य बसस्टँडवर गेलो. तिथे काचेची चौकशी खिडकी आहे. आत चष्मा लावलेला एक माणूस बसतो. फार सभ्य. गिरणीच्या सिग्नलवरच्या अपघाताचा ड्रायव्हर कुठे भेटेल, असं विचारलं. तो बराच वेळ माझ्या कपाळाकडे पाहत राहिला. तुम्ही नातेवाईक का, म्हणाला. मी खोटं बोलत नाही, पण विमा कंपनीतून आलो असं सांगितलं. मग त्याने उत्तर डेपोला जा म्हणून सांगितलं, आणि कुठे उतरायचं, कुठे बदलायचं, ते चिठ्ठीवर लिहून काचेखालून सरकवलं. अक्षर सुरेख.

बस पुलावर चढली आणि तिथेच राहिली. दांडीचं टोक एका जाड गृहस्थाच्या बरगडीत जात होतं. त्यांनी माझी कॉलर धरली. मी हात उचलला नाही. कोपर उचललं. त्यांच्या नाकातून थोडं रक्त आलं. डेपोत पोचलो तेव्हा ऑफिसला कुलूप.

अपयश म्हणता येणार नाही. पाहणी झाली.

वहिनींनी विचारलं, भावजी, कुठे होता? शहर पाहत होतो म्हणालो. त्या म्हणाल्या, शहर बघायला दांडी लागते का?

मंगळवार, ४ तारीख

खिडकीवाल्याने पंख्याखाली उभं राहायला सांगितलं, मग शोध घेतला. म्हणाला, तो माणूस पूर्व डेपोला गेलाय.

बस नको, रिक्षा केली. चूक. चौकात रिक्षावाला आणि एक मोटारसायकलवाला यांचं जुंपलं. आरसा तुझा, रस्ता माझ्या बापाचा, असं चाललं होतं. मागे हॉर्न. मी मध्यस्थी करायला उतरलो. समजावून सांगताना दांडी हातात होती. मोटारसायकलचा दिवा फुटला. मग दोघं एक झाले आणि मला हाणू लागले. रिक्षावाल्याची एक थप्पड कानावर बसली. शिट्टीसारखा आवाज अजून येतो आहे. दोघांचं भांडण मात्र मिटलं. मध्यस्थी फुकट गेली नाही.

पूर्व डेपोपर्यंत पायी गेलो. तिथे असा कोणी नाही म्हणाले.

संकल्प: उद्यापासून राग आवरणार. राग फक्त गुडघ्यासाठी राखून ठेवणार.

बुधवार, ५ तारीख

कान सुजला आहे. वहिनींनी शेक दिला. म्हणाल्या, या शहरात निघायला कुणीही निघतं भावजी, पोचणं हेच काम आहे. तुमचे दादा रोज वेळेवर पोचायचे. एवढं बोलून कपडे वाळत घालायला गेल्या. एकाच सदऱ्याला चिमटे लावत बराच वेळ उभ्या होत्या. तो सदरा कुणी घालत नाही.

खिडकीवाल्याने माझा कान पाहिला आणि पाण्याची बाटली दिली. कोणी मारलं, विचारलं. शहरात पहिल्यांदाच कोणीतरी काही विचारलं, म्हणून सगळं सांगून टाकलं. विमा वगैरे खोटं. दादा माझा. दांडीही दाखवली. उजवाच गुडघा, हेही सांगितलं.

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, पश्चिम डेपो. दोन गाड्या बदलाव्या लागतील. आज नका जाऊ, आज मोर्चा आहे, लोक काचा फोडताहेत.

तरी गेलो. पहिल्या चौकातच काचांचा पाऊस. बसमधली माणसं सीटखाली, मीही सीटखाली. एका बाईंच्या डोक्यातून रक्त येत होतं, त्यांना रुमाल दिला. तिथूनच परत.

या शहरात एकच माणूस सज्जन आहे. काम झालं की त्याला काहीतरी भेट द्यायची.

गुरुवार, ६ तारीख

पश्चिम डेपो गाठला. स्वतःचा अभिमान वाटला. बावन्न नंबरची बस उभीच होती, ड्रायव्हर डबा खात होता. माझा स्वतःवरचा ताबा सुटला नाही. मी फक्त ओरडलो आणि दांडी त्याच्या दारावर मारली. पत्रा आत गेला. मग तो, दोन कंडक्टर आणि एक गाड्या धुणारा. ओठ फाटला. पाठीवर बसून विचारत होते, कोण रे तू?

सांगितलं. पाठीवरून उठले. डबा खाणाऱ्या ड्रायव्हरने मला त्याच्याच ग्लासातून पाणी पाजलं. म्हणाला, काका, अपघात झाला की लोक आधी ड्रायव्हरला खाली ओढतात, मग मेलेल्याकडे बघतात. तुमचा माणूस रस्त्यात पडला होता आणि शंभरेक माणसं आमच्या माणसाला बडवत होती. फुटपाथच्या फरशीने गुडघा फोडला त्याचा. आता त्याच्याकडून गाडी चालवणं होणार नाही. अशा ड्रायव्हरला खात्यात हलकं काम देतात. मुख्य स्टँडच्या चौकशी खिडकीवर बसतो तो.

कुठला गुडघा, मी विचारलं.

म्हणाला, उजवा.

शुक्रवार, ७ तारीख. दुपारी

रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. त्याने मला पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली नाही.

पहिल्याच दिवशी ओळखलं, म्हणाला. कपाळ तेच. बसच्या काचेतून समोर पाहिलेलं कपाळ विसरता येत नाही. भीती वाटली, म्हणून लांब लांब पाठवत राहिलो. माफ करा. ब्रेक दाबला होता मी. ते जरा घाईत होते.

हे मी विचारलं नव्हतं.

तो कुबडी घेऊन बाहेर आला. उजवा पाय लाकडासारखा सरळ. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, हा लोकांनी केला. डावा आहे.

दांडी खांद्यापर्यंत उचलली. रांगेतले एक जण म्हणाले, अहो, मारायचं तर बाजूला घेऊन मारा, आमची गाडी सुटेल. हात भरून आला होता. सोमवारपासून वजन वागवतोय. म्हणून खाली केला.

तो वाट पाहत होता. काहीतरी विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं, आमच्या गावाची गाडी कुठे लागते? तो म्हणाला, चौथ्या फलाटावर. चाकावर बसू नका, हादरे बसतात. पुढे बसा.

शुक्रवार, संध्याकाळी. बसमध्ये

गाडी बरोबर निघाली. त्याने सांगितलेली पहिली बरोबर गाडी.

वहिनींना स्टँडवरून फोन केला. पोचलात का, म्हणाल्या. सापडला, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, भावजी, तो महिन्याभरापूर्वी कुबडी घेऊन तीन जिने चढून आला होता. मी दार उघडलं नाही. तुम्ही तरी बोललात.

मी काय बोललो ते सांगितलं नाही.

सोमवारी दांडी प्रयोगशाळेतल्या स्टँडला परत लावायची आहे. जराशी वाकली आहे. मुलांनी वाकवली असं सांगेन.

पुढच्या सीटवर बसलो आहे. शहर संपेपर्यंत सिग्नलच सिग्नल. रस्ता ओलांडणारं कोणी दिसलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. समोर नुसता पत्रा. पोटरीत गोळा आला आहे. चार-पाच दिवस फार चालणं झालं, त्यामुळे असावा.