सायरन वाजला की अझोर कुठे जाणार?

प्रिय द्राहाताई,

ब्रनो शहरातल्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावर धाकट्या क्व्येताचा नमस्कार पोहोचो. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून दम लागतो का? नव्या पांढऱ्या गालिच्याचीही खुशाली कळव. (सहज विचारलं.)

इकडे सगळं ठीक. मनोऱ्यांची वाफ सरळ वर जाते आहे, म्हणजे रविवारपर्यंत कोरडी थंडी, असं बोहुशचं भाकीत. आमच्या लग्नाला जन्म लोटला, पण हा माणूस अजून रेडिओपेक्षा अणुवीजकेंद्राच्या वाफेवर जास्त विश्वास ठेवतो. केंद्रावरही ठेवतो. तिथे काही होणार नाही, गाव रिकामं करायच्या तालमी म्हणजे निव्वळ पोरखेळ, असं त्याचं ठाम मत. पण यंदा सरपंच ह्लावाच यांच्या मनाने घेतलं, की तालीम जनावरांसकट करायची.

सभा अर्थातच खानावळीत झाली, कारण पंचायतीच्या खोलीत बिअर मिळत नाही. नियम सोपे होते. जीव लावून पाळलेलं जनावर झाकणाच्या पेटीत घालून बसमध्ये आणायचं, आणि खाण्यासाठी पोसलेलं चारापाणी ठेवून घरीच कोंडायचं. पण सोप्या नियमावर गप्प बसेल ते आमचं गाव कसलं! कोणाच्या खुराड्यात नाव ठेवलेला ससा आहे (आणि नाव ठेवलेला ससा रविवारच्या ताटात येत नाही, हे तुला ठाऊकच आहे), तर कोणाची कोंबडी अंडी द्यायची थांबून घरचं माणूस झाली आहे. त्यात ह्लावाचबाईंनी यंदा नाताळचा मासा लवकर आणून न्हाणीघरातल्या टबात सोडलेला. त्यांनी भर सभेत नवऱ्याला विचारलं, की आपल्या टबातला मासा पाळीव की पोटाचा? सरपंचांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "चोवीस तारखेपर्यंत पाळीव, मग पोटाचा." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. (घरी आठवडाभर कोणाची आंघोळ झालेली नाही, हेही त्यातच कळलं.)

खरा घोळ पेट्यांनी केला. झाकणाची पेटी गावात असणार कोणाकडे? पण अळंब्या वेचायची टोपली नाही असं एक घर दाखव! सगळ्यांनी मांजरं टोपल्यांत घातली आणि वरून स्वयंपाकघरातलं फडकं बांधलं. मांजर अळंबीसारखं गप्प पडून राहत नाही, हे बस पहिल्या वळणावर कलली तेव्हा अख्ख्या गावाला एकदमच उमगलं. एक ड्रायव्हरच्या मानेवर, एक सामानाच्या फळीवर, आणि कोंबडी सरपंचांच्या मांडीवर. सगळ्या बसमध्ये शहाण्यासारखा एकच जीव बसला होता, तो म्हणजे आमचा म्हातारा कुत्रा, अझोर. बोहुशच्या कोटात आखूड पाय दुमडून घोरत होता बापडा.

तालुक्याच्या व्यायामशाळेत आमची सोय होती. दारात रखवालदार उभा. माणसं आत, जनावरं बाहेर, आतली लाकडी जमीन नुकतीच घासली आहे म्हणे. जनावरांचं तालुका बघेल असं सरपंच धरून चालले होते, आणि गाव बघेल असं तालुका. मग जो गदारोळ उडाला तो तू डोळ्यांसमोर आण. फक्त बोहुश भांडला नाही. (ताई, हा माणूस रेडिओशीही भांडतो.) अझोरला घेऊन तो मुकाट्याने बाहेर बर्फातल्या बाकावर जाऊन बसला.

मी लसणाचं सूप घेऊन गेले, आत चल म्हटलं. तर म्हणतो कसा, "तालीम होती म्हणून इथवर तरी आलो. खरंच काही झालं तर मी आणि हा म्हातारा घरीच बसू. तू जा हो." येताना पाव आण, असं सांगावं तसं म्हणाला.

ताई, मी घाबरले. त्या मनोऱ्यांना इतक्या वर्षांत कधी भ्यायले नव्हते, पण नवऱ्याला भ्यायले. तो बोलतो ते करतो. निवृत्त झाल्यावर हा खिडकीशी नुसता बसून राहायचा, तुला आठवत असेल. अझोर आला, त्याला फिरवायचं निमित्त झालं, म्हणून माणूस उंबऱ्याबाहेर पडला. त्या अझोरला मागे ठेवून चल, असं मी बोहुशला कोणत्या तोंडाने सांगू?

आता सरपंचांनी मार्ग काढला आहे. केंद्रापासून लांब राहणारा, जनावर ठेवून घेईल असा एकेक नातेवाईक प्रत्येक घराने शोधायचा. पाहू या कोण मिळतं ते. नाताळ आनंदात जावो. गुडघ्यांना लोकरीचं गुंडाळत जा.

तुझी,
क्व्येता

ता. क. तुझा पत्ता देऊन झाला आहे. विचारणार होतेच, आत्ता विचारते आहे.

ता. क. २. ईस्टरला अझोरने तुझ्या कोकराच्या आकाराच्या केकचं डोकं खाल्लं, मान्य. पण त्यानंतर त्याचे दात पडले. आता खायचं म्हटलं तरी त्याला कानापलीकडे जमायचं नाही.

ता. क. ३. द्राहाताई, नमस्कार. हे मी, बोहुश. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. हिने एक गोष्ट तुम्हाला लिहिलेली नाही. मी "तू जा" म्हटलं, तेव्हा सूप बाजूला ठेवून ही माझ्याशेजारी बसली. म्हणाली, मग मीही नाही जाणार. मला वाटलं, थट्टा करते आहे. तालीम संपेपर्यंत उठली नाही, नाक लाल झालं तरी नाही. तेव्हा आता असं झालं आहे, की कुत्रा नाही तर मी नाही, आणि मी नाही तर तुमची बहीण नाही. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. मला हवं तर जिन्यात झोपवा. पण अझोरला हो म्हणा, म्हणजे क्व्येता बसमध्ये चढेल.