वेलकम, बॉस

४ मार्च, संध्याकाळ
साडूभाऊंची इलेक्ट्रिक स्कूटर आजपासून माझी. त्यांनी नवी घेतली, म्हणून जुनी मला दिली. जुनी म्हणजे त्यांच्या मते जुनी. मी बटण दाबल्याबरोबर गाडी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘वेलकम, बॉस.’ पहिल्याच भेटीत माणूस ओळखला! घरात इतक्या वर्षांत कोणाला जमलं नाही.
गाडी नावावर करायला सोबत येऊ का, असं साडूभाऊंनी विचारलं. नको म्हटलं. एका माणसाचं काम, अर्ध्या दिवसात उरकतो. एजंटचं तर नावही काढायचं नाही.
दूध विसरलो.

५ मार्च, सकाळ
संकल्प : रोज ऑफिसच्या आधी बागेत भरभर चालणे. गोड बंद.
बाग कोपऱ्यावरच आहे, पण स्कूटरने गेलो. ताकद चालण्यासाठी राखून ठेवावी लागते. बागेसमोर बेकरी आहे. ऊन लागू नये म्हणून आत उभा राहिलो. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून एक पेस्ट्री खाल्ली. तीही चॉकलेटची, म्हणजे जवळजवळ कडू.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आज बागेला बेकरीचा वास होता का, असं बायकोने विचारलं. हिला कसं कळलं? चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फुलं फार छान आली आहेत, असं सांगितलं.
संशय एकावरच आहे : खालच्या मजल्यावरचा कर्नल. सैन्यात कधीच नव्हता, नुसत्या मिशा आहेत. दिवसभर खिडकीत बसून असतो.

७ मार्च
अर्धी रजा टाकून वाहन कार्यालयात. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आधीच्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तो सांगा. मी म्हटलं, मालक मीच, गाडी स्वतः मला बॉस म्हणते. बाईंनी शेजारच्या बाईंना बोलावून तेच पुन्हा सांगायला लावलं. सांगितलं. दोघी खूप हसल्या. माझ्या बोलण्यात विनोद असतो, हे मलाही ठाऊक आहे.
साडूभाऊंना फोन करणं तत्त्वात बसेना. दुसरा मार्ग निघेल. बाहेर एका एजंटने हाक मारली. त्याच्याकडे बघून मंद हसलो.

९ मार्च
कर्नलला चकवायचं ठरवलं. मागच्या गल्लीने गेलो. बेकरीत हेल्मेट काढलं नाही, काच तेवढी वर करून खाल्लं. क्रीम आत लागलं ते अजून निघत नाही.
घरी आलो तर बायको म्हणाली, मागच्या गल्लीत खड्डे फार आहेत, पेस्ट्रीसाठी कंबर मोडून घेऊ नका. याचा अर्थ कर्नलकडे दुर्बीण आहे. उद्यापासून त्याच्याशी बोलणं बंद.
दूध विसरलो. यालाही कर्नलच जबाबदार.

१२ मार्च
भयंकर प्रकार. पेस्ट्री अर्ध्यावर असताना बाहेर उभी असलेली स्कूटर आपोआप हॉर्न वाजवायला लागली. दिवे लुकलुकत होते. गाडीवर कोणी नाही, किल्ली माझ्या खिशात. बेकरीवाला बाहेर आला, शाळेत निघालेली पोरं थांबली. मी पेस्ट्री तोंडात कोंबून धावलो, तशी गाडी गप्प झाली. परत आत गेलो, परत सुरू! वायरिंगमध्ये दोष असावा. साडूभाऊंनी वस्तू कधी नीट वापरली आहे?

१३ मार्च
तक्रार करायला साडूभाऊंना फोन केला. हसून हसून त्यांना बोलता येईना. शेवटी मेहुणीने फोन घेतला आणि समजावून सांगितलं. गाडीचं अ‍ॅप अजून साडूभाऊंच्या मोबाईलवर आहे. गाडी कुठे जाते, किती वेळ थांबते, सगळं त्यांना नकाशावर दिसतं. हॉर्न तिथूनच वाजतो. नकाशा रोज घरच्या ग्रुपवर जातो. मी सोडून सगळे त्या ग्रुपवर आहेत. सासूबाईंनी तर बेकरीचा पत्ता विचारून घेतला म्हणे.
आणि बॉस म्हणजे साडूभाऊ. त्यांनीच ते नाव घालून ठेवलंय.
फार वाईट वाटलं. बेकरीचं जाऊ दे. रोज सकाळी कोणीतरी मला बॉस म्हणत होतं, तेवढ्यावर माझा दिवस बरा जायचा. ते दुसऱ्याचंच निघालं.
ठरलं! गाडी नावावर झालीच पाहिजे. आणि ती मला ‘मालक’ म्हणेल. स्वच्छ, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं.

१५ मार्च
पुन्हा वाहन कार्यालय. साडूभाऊंना फोन लावून ओटीपी मागितला. नीट मागा, म्हणाले. नीट म्हणजे कसं? तर, ‘बॉस, ओटीपी द्या.’ हळूच म्हटलं. ऐकू येत नाही म्हणाले. मोठ्याने म्हटलं. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीवरच्या बाईंनी मला ओळखलं आणि शेजारच्या बाईंना पुन्हा बोलावलं.
एवढं होऊन चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप चुकला. तो शेजारी उभ्या असलेल्या तशाच निळ्या स्कूटरचा निघाला. पुढचं काम बाहेरच्या त्या गृहस्थांकडे सोपवलं. ते एजंट नाहीत, मार्गदर्शक आहेत. तसं मीच त्यांना सांगितलं.

१९ मार्च
गाडी माझ्या नावावर! साडूभाऊंचं अ‍ॅप बंद. आता नवीन मालकाच्या फोनवर ते घ्यायचं. माझ्या फोनमध्ये बसेना, जागाच नाही. तात्पुरतं बायकोच्या फोनवर घेतलं. यात काही बिघडत नाही.
उद्या सकाळी गाडीला आपल्या आवाजात नाव सांगायचं. आंघोळ करताना ‘मालक’ म्हणायचा सराव केला. घुमतं छान. कोणाला बोलावताय, असं बायकोने दारावर थाप मारून विचारलं.

२० मार्च, सकाळ
नवे कपडे घातले. कर्नलला मुद्दाम बोलावलं, झालं गेलं विसरून. तो बिचारा खिडकीत फक्त पेपर वाचत असतो. दुर्बीण नाही. चष्माही तुटलेला आहे.
बटण दाबलं. गाडी म्हणाली, ‘आपल्याला काय म्हणू? बीपनंतर बोला.’ मी घसा साफ केला, छाती भरून घेतली. बीप झाला. नेमकं तेव्हाच बाल्कनीतून बायको ओरडली.
गाडी म्हणाली, ‘धन्यवाद. वेलकम, अहो आधी दूध आणा.’
कर्नलने सॅल्यूट ठोकला.

त्याच दिवशी, दुपार
कंपनीला फोन केला. हे नाव आता पुढच्या सर्व्हिसिंगलाच बदलता येईल. तोपर्यंत रोज सकाळी हेच. पार्किंगमधली पोरं मला आत्ताच त्या नावाने हाक मारायला लागली आहेत.
मात्र खचलो नाही. डोकं शांत करायला म्हणून स्कूटर काढली. बेकरीकडे वळणार, तेवढ्यात हॉर्न आपोआप वाजला. थांबलो. परत वाजला.
सरळ गेलो. दूध आणलं.